पासंग

लहानपणी आमच्या आठवडी बाजारात एक भाजीवाली मावशी बसायची. पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी ती रिकामा तराजू उचलून डोळ्यांसमोर धरायची. एखादं पारडं किंचित झुकलेलं दिसलं, की हलक्या पारड्याच्या दोरीला एक चिमुकला खडा बांधायची. दांडी सरळ झाली, की मगच वांगी पारड्यात पडायची. त्या खड्याला म्हणतात पासंग. आज हा शब्द आपल्या तोंडी येतो तो बहुधा ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं म्हणताना, म्हणजे कुणाला तरी कमी लेखताना.

कुसुमावती देशपांडे यांनी मात्र आपल्या समीक्षालेखांच्या पुस्तकाला हेच नाव दिलं.

कुसुमावतींचा जन्म १९०४ सालचा, अमरावतीचा. लंडनच्या वेस्टफिल्ड कॉलेजातून त्यांनी १९२९ साली इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. त्याच वर्षी कवी अनिलांशी त्यांचं लग्न झालं. पुढे नागपुरात त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. इतकं इंग्रजी वाङ्मय पचवलेल्या माणसाला आपल्या भाषेतली पुस्तकं खुजी वाटू लागणं सोपं असतं. कधी उलटंही होतं. परक्या थोरवीचा धाक वाटतो आणि आपलं ते सगळं थोरच, असा हट्ट धरला जातो. दोन्हीकडे दांडी वाकडीच.

कुसुमावती वर्गात इंग्रजी शिकवत आणि कथा-समीक्षा लिहायला बसत त्या मराठीत. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहिताना त्यांनी शंभर वर्षांच्या कादंबऱ्या पारड्यात घातल्या. अशा कामाला नुसती विद्वत्ता पुरत नाही. १८५७ साली आलेलं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ त्याच्या काळाच्या उजेडात वाचावं लागतं, आणि तरी त्यातलं उणं झाकून चालत नाही. माया हवी, पण मापात खोट नको. मला वाटतं, साहित्याच्या प्राध्यापकाचं खरं काम एवढंच आहे. पासंगाने मालाचं वजन वाढत नाही, पण तो नसेल तर सगळीच वजनं खोटी ठरतात.

मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यात भरलं. संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री यायला मात्र १९६१ साल उजाडावं लागलं. ग्वाल्हेरच्या त्या संमेलनात हा मान कुसुमावतींना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. मराठी साहित्याचा इतिहास इंग्रजीत सांगण्याचं त्यांचं काम मं. वि. राजाध्यक्षांनी पुढे नेलं. तेही इंग्रजीचेच प्राध्यापक. १९८८ साली साहित्य अकादमीने तो ग्रंथ दोघांच्या नावाने प्रसिद्ध केला.

आज दिवसभरात आपणही कुणाचं लिखाण, कुणाचं काम, कुणाचं बोलणं जोखणारच आहोत. त्याआधी आपला रिकामा तराजू एकदा उचलून बघूया. दांडी कुठे झुकते ते कळलं, की तेवढा खडा बांधूया, आणि मगच वजन करूया.