रिकामं पाऊल

बिडकीनच्या एका देवळाच्या सभामंडपात पहाटे आठ-दहा माणसं हवेत हात तरंगवत मुकाट उभी असतात, हे सगळ्यात आधी दूधवाल्यानं पाहिलं. ‘काय चाललंय?’ त्यानं विचारलं. आतून उत्तर आलं, ‘ताईची.’ ‘कुणाच्या ताईची?’ यावर मंडप पाच मिनिटं हसत होता. तेव्हापासून गावात त्याला ‘ताईचा क्लास’ असंच नाव पडलं. ते चुकलंही नव्हतं, कारण शिकवणारी खरोखरच सगळ्यांची ताई होती. माहेर पैठणचं, विणकराच्या घरातलं. सासर बिडकीनला. फिजिओथेरपी शिकलेली, नोकरी शहरात. ताईची शिकली पुण्यात, कॉलेजात असताना.

तात्या तिथं हौसेनं गेले नव्हते. त्यांना बायकोनं, म्हणजे काकूंनी, पाठवलं होतं.

तात्या तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. त्यातली बरीचशी पैठण-औरंगाबाद रस्त्यावर. (शहराचं नाव बदललं, तात्यांच्या जिभेवरचं बदललं नाही.) पिंपळवाडी, ढोरकीन, बिडकीन, चितेगाव, नक्षत्रवाडी हे थांबे त्यांना झोपेतसुद्धा क्रमानं यायचे. नाथषष्ठीला पैठणकडे निघालेल्या दिंड्यांमधून वाट काढतानाही आपण कधी लेट झालो नाही, असं ते सांगत. खरंखोटं कंट्रोलरला ठाऊक. निवृत्त झाले, पण अंगातलं टाइमटेबल निवृत्त झालं नाही. जेवण पाच मिनिटांत, चहा उभ्यानं, आणि समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की पुढचं अर्धं हेच पुरं करणार.

पडले ते काळी-पिवळीतून उतरताना. फाट्यावर जीप पुरती थांबायच्या आत त्यांनी पाय खाली टाकला. गाडी थांबल्याशिवाय उतरू नका, असं तीस वर्षं लोकांवर ओरडलेला माणूस! घोट्याचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. ते निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण तात्या भिंत धरून चालायला लागले होते. आणि भिंत धरूनही घाईतच.

ताईनं त्यांना मंडपात या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायला लावलं आणि नुसती पाहत राहिली.

‘तात्या, तुम्ही चालत नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही पुढं पडता, अन् पाय पळत येऊन तुम्हाला सावरतो. आजवर तो वेळेवर यायचा. आता उशिरा यायलाय.’

तात्यांना राग आला तो ‘उशिरा’ या शब्दाचा.

क्लासमध्ये गणिताचे एक निवृत्त मास्तर होते. पुराव्याशिवाय प्रसादसुद्धा घेणार नाहीत, असा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘हे हवेत हात फिरवून होतं काय?’ ताईनं सांगितलं की ही मुळात चीनमधली लढाईची विद्या. हनान प्रांतात चेन घराण्याचं गाव आहे, तिथं सतराव्या शतकापासून तिचा माग लागतो. पुढं यांग लूचान नावाच्या माणसानं ती त्या गावाबाहेर नेली. १९५६ साली चीनच्या सरकारनं सामान्य माणसासाठी २४ हालचालींचा सोपा संच बसवून घेतला. आपण तोच शिकतोय. ‘इतिहास झाला,’ मास्तर म्हणाले, ‘आता हिशेब.’ तेव्हा ताईनं ओरेगॉनमधल्या अभ्यासाचं सांगितलं. २०१८ साली छापून आलेला. सत्तरी गाठलेली, पडण्याचा धोका असलेली ६७० माणसं. सहा महिने, आठवड्यातून दोनदा. ताईची करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी भरलं. ‘कशाच्या तुलनेत?’ मास्तरांनी विचारलं. ‘नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांच्या,’ ताई म्हणाली. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. ‘पण बीपीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत,’ हे ताईनं तेव्हाच सगळ्यांना दोनदा बजावलं.

हालचालींची नावं चिनी लोकांनी सुरेख ठेवलीत. रानघोड्याची आयाळ विंचरायची, पांढऱ्या पक्ष्यानं पंख पसरायचे, ढगांसारखे हात फिरवायचे. ढगांची हालचाल बचत गटातल्या एका आजींना पहिल्या दिवशीच जमली. ‘ही तर भिंत लिंपायची,’ त्या म्हणाल्या आणि लिंपत सुटल्या.

तात्यांचं घोडं अडलं ते पहिल्याच धड्यावर. दिसायला काहीच नाही. सगळा भार उजव्या पायावर घ्यायचा, गुडघा किंचित मोकळा. डावा पाय पुढं न्यायचा आणि नुसती टाच फरशीला टेकवायची. टाचेवर अंगाचं वजन द्यायचं नाही. याला ताईचीत रिकामं पाऊल म्हणतात. पाऊल टेकलं, जमीन कळली, की मग भार हळूहळू पुढं सरकवायचा. उजवा पाय रिकामा होत जातो, डावा भरत जातो. मधे कुठं धक्का नाही.

खरं टाकलं की नुसतं टेकवलं, हे पाहायची ताईची एक रीत होती. ती फिरता फिरता मधेच म्हणायची, ‘उचला!’ पुढचा पाय रिकामा असेल तर तो अलगद वर येतो, बाकीच्या अंगाला पत्ताही लागत नाही. भरलेला असेल तर माणूस कलंडतो.

तात्या रोज कलंडायचे.

चिनी उस्ताद सांगतात, कोशातून रेशीम काढावं तसं हलायचं. ओढ कमी पडली तर धागा गोळा होतो, जास्त झाली तर तुटतो. ताईला हे कुणी समजावून द्यायची गरज पडली नव्हती. पैठणीच्या मागाशेजारी ती रांगायला शिकली होती. एकदा तिनं माहेराहून रेशमाची एक लड आणली आणि ज्यानं त्यानं हातभर धागा सोडवून दाखवायचा, असं ठरलं. काकू त्या दिवशी सहज आल्या होत्या. त्यांनी बोलता बोलता चार हात सोडवला. तात्यांनी तीनदा तोडला आणि लडीलाच नावं ठेवली.

मग एके दिवशी ते चिडले. ‘हे आपलं काम नाही ताई. आपला पाय मोठ्या गाडीवर गेलेला.’

‘गाडी उठवताना काय करायचात?’

‘काय करायचं? क्लच सोडायचा, रेस द्यायची.’

‘एकदम सोडायचा?’

तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘एकदम कसा? एकदम नवशिका सोडतो. क्लच हळू सोडत न्यायचा. एका जागी तो पकडतो. गाडी अंगातून थरथरते, नाक जरासं उचलल्यागत करते. तिथं पाय धरायचा. गाडीनं ओझं घेतलं म्हणून सांगितलं, की मग रेस. त्याच्या आधी रेस दिली तर गाडी झटका खाते, उभे पॅसेंजर एकमेकांवर. ढोरकीनला एक म्हातारी दुधाचं भांडं घेऊन चढायची. बिनझाकणाचं. माझी गाडी असली की खाली ठेवायचीसुद्धा नाही, हातातच धरायची...’

‘सांडायचं?’

‘थेंब नाही.’

ताई काही बोलली नाही. तात्यांनी खाली आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. चप्पल काढलेला, टाच फरशीवर, चवडा वर. क्लचवर ठेवावा तसाच. त्या दिवशीही ते कलंडले, पण वाद न घालता. आठवड्याभरानं ताईनं ‘उचला!’ म्हटलं आणि पाय वर आला. तात्या तिथंच उभे. अंग जागचं हललं नाही. ‘पकडायची जागा सापडली,’ ते एवढंच म्हणाले.

घरी वेगळीच गाडी उठत होती. मुलगा चितेगावच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. बिडकीनची औद्योगिक वसाहत २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून देशाला अर्पण केली. ७८५५ एकर. तेव्हापासून गावात चहाच्या टपरीवरही एकरात बोलतात. मोठ्या कंपन्या येणार, हजारो माणसं येणार, ती राहणार कुठं? मुलाचा हिशेब तयार होता. घरामागच्या जागेत सोळा खोल्या. घर तारण ठेवून कर्ज, वर तात्यांचा फंड. बँकेचे कागद आणलेले, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या.

‘आत्ताच करायला पाहिजे तात्या. सहा महिन्यांनी सगळे करतील.’

असा मुद्दा तात्यांना लगेच पटतो. गाडी सुटायची वेळ झाली म्हटलं की त्यांचा हात आपोआप गिअरकडे जातो. पेन हातात घेतलंही होतं. समोरच्या अंगणात अण्णांचे दोन टिपर उभे होते. अण्णा काही उधळ्या माणूस नव्हे. जमिनीचा मोबदला आला तेव्हा त्यांनी ना बंगला बांधला, ना लग्नात हत्ती नाचवला. वसाहतीत मुरुमाचं काम मिळणार, असं एकानं सांगितलं म्हणून दोन टिपर काढले, निम्मे रोख, निम्मे हप्त्यावर. काम मिळालं, पण पावणेदोन वर्षांनी. तोवर हप्ते दर महिन्याच्या पाच तारखेला येत राहिले आणि उरलेलं शेत गेलं.

‘उद्या बघू,’ तात्या म्हणाले.

काकूंनी स्वयंपाकघरातून वाकून पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी या तोंडून ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी मुलाला अंगणात उभं केलं. तिशीतला गडी, रोज मोटारसायकल दामटणारा. ‘एक पाय पुढं टाक.’ त्यानं टाकला. ‘आता उचल.’ तो झोकांडून तुळशीवृंदावनावर गेला.

‘तात्या, हा काय पोरखेळ लावलाय?’

‘परत टाक.’

परत तेच. तिसऱ्यांदाही. मुलगा वैतागून पायरीवर बसला. तात्या त्याच्या शेजारी बसले आणि चपलेनं मातीत रेघा ओढत म्हणाले, ‘खोल्या बांधू नको म्हणून मी म्हणंना. पाय टाक. पण टाकलेला उचलता आला पाहिजे. सोळा खोल्यांचा पाय तुला उचलता येईल का, ते सांग.’

मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच जुना गोठा मोजला. पत्रे बदलून, मधे भिंत घालून दोन खोल्या होत होत्या. कर्ज नको, फंडातला तुकडा पुरत होता. त्याचा चेहरा मात्र खुलला नाही. सोळाचा हिशेब ज्यानं मनात भाड्यासकट मांडलाय, त्याला दोन म्हणजे उपासाची भगर वाटणारच. तात्यांनी त्याला समजवायचा प्रयत्न केला नाही.

पहिल्या खोलीत दोन फिटर आले, नियमित पैसे देणारे. दुसऱ्या खोलीतली पोरं तीन महिन्यांनी ठेकेदाराचं काम संपलं म्हणून रात्रीतून निघून गेली, एका महिन्याचं भाडं बुडवून. नंतर ती खोली पावसाळाभर रिकामी होती. काकूंनी तिच्यात ज्वारीची पोती ठेवली. दिवाळीनंतर भाडेकरू मिळाला, तेव्हा मुलानं टेप घेऊन मागच्या जागेत आणखी दोन खोल्यांची आखणी केली. ती करताना त्यानं एकदा पायाकडे पाहिलं, असं काकू सांगतात. तात्या म्हणतात, विंचू बघत असेल.

परवा तात्या शहरातून एसटीनं आले. बिडकीनला गर्दी. मागून रेटा, ‘उतरा ना बाबा, कामून थांबलात?’ ड्रायव्हर आरशातून पाहतोय, रेस देतोय. तात्यांनी दांडा धरला. डावा पाय खाली नेला, टाच टेकवली. खाली खडी होती, सुटी. पाय वर घेतला. मागच्यानं कपाळाला हात लावला. चार बोटं अलीकडे डांबर होतं, तिथं टेकवला. मग भार हळूहळू खाली उतरवत ते उतरले, बाजूला झाले, आणि गाडीच्या पत्र्यावर हातानं दोनदा थाप दिली.

गाडी सुटली. ड्रायव्हर नवशिका होता, झटका बसला.