विश्वास आधीं कीं पात्रता आधीं?

वाट चुकलेला मुलगा पुन्हां मार्गावर आला म्हणजे त्याचें श्रेय कोणाचें, यावर लोक पुष्कळ वाद घालितात. आमच्या मतें त्याच्या अगोदरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अशा मुलावर विश्वास केव्हां टाकावा, तो सुधारल्यावर कीं सुधारण्याच्या आधीं?

व्यवहारज्ञ म्हणतील, "आधीं पात्रता, मग विश्वास." सावकाराच्या पेढीवर हा नियम शोभतो. परंतु ज्याच्यावर कोणीं कधीं कांहीं सोंपविलेंच नाहीं, त्यानें आपली पात्रता दाखवावी तरी कोठें? पोहतां येईपर्यंत पाण्यांत उतरूं नको, असें सांगणें हा उपदेश नव्हे, मनाई होय.

नागपुरास 2001 सालीं जें घडलें तें या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे. हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांस भर पावसांत झोपडपट्टींतील कांहीं मुलें फुटकी बादली लाथाडीत खेळतांना दिसलीं. त्यांनीं त्या मुलांस फुटबॉल दिला. त्यांतूनच पुढें 'स्लम सॉकर' ही चळवळ उभी राहिली, आणि तिच्या आधारें नागराज मंजुळे यांनीं काढलेला 'झुंड' हा चित्रपट 2022 सालीं लोकांपुढें आला. या हकीकतींत आमचें लक्ष वेधितें तें एवढेंच कीं, चेंडू आधीं आला, शिस्त मागाहून आली. मैदान मुलास कालचा हिशेब विचारीत नाहीं. आजचा मात्र कसून घेतें. वेळेवर यावें लागतें, पंचाचा निर्णय सोसावा लागतो, हातचा डाव सोडून चेंडू सोबत्याकडे द्यावा लागतो. आपल्यावांचून संघ अपुरा आहे, ही जाणीव ज्यास प्रथमच होते, त्यास मग उपदेशाची गरज थोडी उरते.

विश्वास म्हणजे डोळेझांक, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें नुकसान झालें त्याचें दुःखही खरेंच आहे, आणि अपराध्यास जाब विचारलाच पाहिजे. शिवाय दहांतील एखादा मुलगा फसवीलही. परंतु त्या एकाच्या भयानें नऊ जणांस दार बंद करणें, हा न्याय कोणता?

2015 च्या बाल न्याय कायद्यांत नव्या आरंभाचें तत्त्व घातलेलें आहे: विशेष प्रसंग वगळतां मुलाच्या मागील नोंदी पुसून टाकाव्या. कागद पुसतां येतो; शेजाऱ्यांची आठवण पुसण्याचें सामर्थ्य कोणत्याही कायद्यांत नाहीं. तें काम तुमचें-आमचें आहे. मैदानावरचा मुलगा उद्यां कोणाच्या तरी दुकानांत काम मागावयास येईल. चित्रगृहांत त्याच्यासाठीं टाळ्या वाजविणारे आपण, त्याच्या हातीं गल्ल्याची किल्ली देऊं काय? आमचेंही उत्तर झटकन निघत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु आपण विचार करीत बसलों आहों तोंवर तो मुलगा दाराशीं उभा आहे, आणि त्याचें वय वाढत आहे.