नऊ चौकटी आणि निपाणीचा रस्ता

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्ले खेळांत एक तंटा ठरलेला. कुणाचं तरी पात्र दुकान फोडतं, पहारेकऱ्याला भोसकतं, आणि खेळाडू निवांत सांगतो, ‘माझं पात्रच तसं आहे.’ अशा पात्राचं करायचं काय, याची उत्तरं पन्नास वर्षांत अनेकदा बदलली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हा पात्राची बाजू ठरवायला तीनच खाने होते: कायदा, तटस्थता, अनागोंदी. पोल अँडरसन, मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतकथांतून उचललेली ही वाटणी. कायद्याच्या बाजूचा तो बहुधा चांगला, असं त्यात धरलेलंच. बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडला हे पटायचं नाही. कंपनी सरकारच्या कचेऱ्या जाळणारा, खजिने लुटणारा संगोळ्ळी रायण्णा २६ जानेवारी १८३१ रोजी तिथे फासावर गेला. आज मूल व्हावं म्हणून लोक त्याच्या समाधीपाशी असलेल्या वडाला पाळणे बांधतात.

१९७८च्या नियमपुस्तकाने कायदा आणि सुष्टपणा वेगळे काढले. एका बाजूने कायदा ते अनागोंदी, दुसऱ्या बाजूने सुष्ट ते दुष्ट. मिळून नऊ चौकटी. भल्या दरोडेखोराची सोय झाली, तशी कायद्यावर बोट ठेवून छळणाऱ्याचीही. (हा दुसरा कुणाला भेटला नाही?) तरी रायण्णा बसवायचा कुठे? तो कित्तूरच्या गादीचा शिपाई, दत्तक वारसासाठी लढणारा. त्याच्या हिशेबी कायदा मोडला तो कंपनीने. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. गल्ल्या त्याच, माणसं तीच, सरकार दुसरं. कायदा कुणाचा, हा प्रश्न इथे वाढलेल्या मुलाला शिकवावा लागत नाही. नऊ चौकटींत मात्र तो कुठेच नाही.

१९७९ला खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या पुस्तकाने शिक्षाही नेमली. पात्राने चौकट बदलली की त्याची एक पातळी कमी, मग वाल्याचा वाल्मीकी का होईना! ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटातला, म्हणजे जुन्या सापशिडीतला, साप तो हाच. पण मोक्षपटात दुर्गुणाच्या घरात दान नेतं, खेळाडूच्या हाती काही नसतं. इथे तो विचार करून वागलेला असतो. निवड करू द्यायची आणि निवडली म्हणून पातळी कापायची, हा मला निव्वळ आळस वाटतो.

सगळ्यात अडचणीचं उदाहरण निपाणीचं. मार्च १९८१मध्ये तंबाखूला भाव मागत शेतकरी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. रस्त्यावरच मुक्काम, रस्त्यावरच सभा, आणि हे तीन आठवड्यांहून जास्त. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. त्यांनी कायदा मोडला होता, दिवसाढवळ्या मोडला होता. पण याला अनागोंदी कोण म्हणेल? इतके दिवस इतकी माणसं शिस्तीशिवाय बसून राहत नाहीत. चोर पळतो, हे जागेवर थांबले, जे होईल ते सोसायच्या तयारीने. नऊपैकी कुठल्याही चौकटीत असा माणूस कोंबावाच लागतो.

जन्मावरून चौकट देणं तर याहून वाईट. खेळातले ऑर्क नावाचे राक्षस जातीनेच दुष्ट. २०२०मध्ये प्रकाशकांनी हे बदलायचं जाहीर केलं. आपल्याकडे १८७१पासून गुन्हेगार जमाती कायद्याने जित्या माणसांवर तोच शिक्का मारला, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. कायदा १९५२ला रद्द झाला. शिक्का पुसला का, ते त्यांतल्या पारध्यांना विचारा.

मला विचाराल तर मास्टरने चौकट दाखवू नये, गाव दाखवावं. दूधगंगेसारख्या नदीवर नाका, तंबाखूच्या गाड्या, जबर जकात. पात्रांनी नाकेदाराला बडवून गाड्या पार केल्या तर करू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी मात्र शिपाई गाडीवानाला उचलतात, पात्रं तोवर पुढच्या गावी जेवत असतात. अण्णा भाऊ साठ्यांचा फकिरा खजिना लुटतो, आणि त्यापायी आपली माणसं अडकल्यावर स्वतः हजर होतो. तोच पेच टेबलावर टाकावा. कुणी तुरुंग फोडायला निघेल, कुणी नाक्यावर हजर व्हायचं म्हणेल, कुणी फासे ठेवून चहा सांगायला उठेल. आणि एखादी गाडीवानाचं नाव विचारेल, जे मास्टरने ठरवलेलंच नसतं.