पुरून ठेवलेला तालांत

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. परदेशी निघालेला धनी आपली मालमत्ता तीन दासांच्या हवाली करतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमीन खणून आपला वाटा पुरतो आणि धनी परतल्यावर जसाच्या तसा परत देतो. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टीही केली नाही. तरीही ठपका त्याच्यावरच येतो. हे न्यायाचे आहे का?

तालांत हे मूळचे वजन. पैशात मोजले तर सुमारे ६००० दिनार; आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सर्वांत कमी मिळालेल्या दासाच्या हातीही वीसेक वर्षांची मजुरी पडली होती. इंग्रजीतला ‘टॅलेंट’ हा शब्द गुणवत्तेसाठी रूढ झाला तो याच दाखल्यामुळे. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी अगदी त्याच शब्दांत शाबासकी देतो. रकमेतला फरक त्याच्या लेखी नाही.

तिसरा दास स्वतःच कारण सांगतो: त्याला धन्याची भीती वाटली. या भीतीला आपण बऱ्याचदा नम्रतेचे नाव देतो. ‘माझ्यात कसले आले गुण’, ‘माझ्याहून चांगले पुष्कळ आहेत’ ही वाक्ये मंडळीत नेहमी ऐकू येतात आणि ती भक्तीची खूण वाटतात. पण पेत्राच्या पहिल्या पत्राप्रमाणे विश्वासी माणूस देवाच्या कृपेचा कारभारी आहे. कारभाऱ्याने धन्याच्या वस्तूबद्दल बढाई मारू नये, हे आपल्याला लगेच पटते. तिची किंमत परस्पर कमी ठरवण्याचा अधिकारही त्याला नाही, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. देणगी माझी नसेल, तर तिला क्षुल्लक म्हणणारा मी कोण?

मराठी ख्रिस्ती साहित्यात याचे ठळक उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. नारायण वामन टिळक नामांकित कवी. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. एवढ्या मोठ्या कवीच्या अर्धवट काव्याला आपण हात लावू नये, असे त्यांनी म्हटले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी ६०हून अधिक अध्याय लिहून ते काव्य पुरे केले. आज मराठी वाचक लक्ष्मीबाईंना ओळखतो तो मुख्यतः ‘स्मृतिचित्रे’मुळे. घरात बोलावे तशा साध्या, मिस्कील भाषेत सांगितलेले ते आयुष्य आहे. पतीची विद्वत्ता त्यांच्यापाशी नव्हती. जे होते, ते त्यांनी मोकळ्या हाताने वापरले.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. लक्ष्मीबाईंना कोणी अक्षरे शिकवलीच नसती तर? दाखल्यातल्या दासाने आपला तालांत स्वतः पुरला. जगात मात्र पुष्कळांचे तालांत दुसऱ्यांनी पुरलेले असतात: गरिबीने, जातीने, बाईने पुढे येऊ नये या समजुतीने. अशा माणसाला ‘तू देणगीचे काय केलेस’ असे विचारणे क्रूरपणाचे ठरेल. तो प्रश्न आधी मंडळीला विचारायला हवा.

मंडळी देणग्या ओळखते तरी कशा? ज्याचा गळा चांगला, ज्याला भाषण जमते, तो आपोआप पुढे येतो. मग प्रत्येक कार्यक्रम त्याच्याच गळ्यात पडतो आणि दमून गेला तरी त्याला नाही म्हणता येत नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी, हिशेब चोख ठेवणारा, भांडणे मिटवणारा यांच्या वाट्याला ‘देणगी’ हा शब्द क्वचितच येतो. पौलाने रोमकरांस पाठवलेल्या पत्रात, बाराव्या अध्यायात, संदेश देणे, शिकवणे, सेवा, दानधर्म आणि दया ही सगळी कृपादाने एकाच यादीत बसवली आहेत.

म्हणून विश्वासूपणाची कसोटी दुहेरी आहे. आपल्या हातातले भीतीपोटी झाकून ठेवू नये, ही पहिली. शेजाऱ्याच्या तालांतावर आपल्या पायाने माती लोटली जात नाही ना, हे पाहणे ही दुसरी. पहिल्या कसोटीवर प्रवचने पुष्कळ होतात. दुसरीवरही व्हायला हवीत.