कानात कोणाला घ्यायचं?

हेल्मेटला इंटरकॉम बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. गालाची पॅडं बाहेर काढायची, कानाच्या जागी असलेल्या खोबणीत दोन चपटे स्पीकर वेल्क्रोने चिकटवायचे, वायरी अस्तराखाली दडपायच्या. फुल फेस हेल्मेट असेल तर हनुवटीच्या आतल्या बाजूला छोटा माइक लावायचा, समोरून उघडं असेल तर दांडीचा. मुख्य यंत्र बाहेरून डावीकडे क्लॅम्पने अडकवतात, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो आणि तो सोडायचा नसतो. स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका यायला हवा. जरासा सरकला तरी आवाज कमी वाटतो आणि मग माणूस आवाज वाढवत बसतो. जागा होत नाही म्हणून आतला थर्माकोल कोरणारेही भेटतात. आपटल्यावर डोकं वाचवतो तो हाच थर. आयएसआयचा शिक्का बघून घेतलेल्या हेल्मेटचं हे असं स्वतःच्या हातांनी वाटोळं करायचं नसतं.

खरी मांडणी यानंतर सुरू होते. यंत्र फोनला जोडायचं, मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटला जोडायचं, सोबतच्या गाड्यांना जोडायचं. रस्ता सांगणारी बाई आहेच, गाणीही आहेत. कान दोन आणि बोलणारे इतके, तेव्हा एकाच वेळी दोघे बोलू लागले तर कोणाचं ऐकवायचं हे यंत्राला ठरवून द्यावं लागतं. बऱ्याच यंत्रांत हा मानाचा क्रम कारखान्यातूनच ठरून येतो. सर्वांत वर फोन, त्याखाली इंटरकॉम, गाणी तळाला. म्हणजे ताम्हिणी घाटात पुढचा मित्र ‘वळणावर माती आलीय’ असं सांगत असताना कर्ज हवंय का विचारणारा अनोळखी आवाज आला, तर यंत्र मित्राला थांबवून त्या अनोळख्याची घंटा ऐकवतं. वर अनेक यंत्रांत अशीही सोय असते की फोन वाजत असताना नुसतं मोठ्याने काही बोललात तरी तो उचलला जातो. मित्राला ‘काय म्हणालास?’ असं ओरडून विचारावं आणि उत्तर बँकेकडून यावं!

ज्या इंजिनिअरने हा क्रम लावला त्याचा हेतू वाईट नसणार. फोन एरवी महत्त्वाचाच असतो. पण रस्त्यावर हा क्रम उलटा व्हायला हवा, आणि तो उलटा करायचं काम कंपनीने आपल्यावर सोडलं आहे. चालू गाडीवर माझ्या लक्षावर हक्क कोणाचा, हा मला यातला खरा प्रश्न वाटतो. यंत्र घेणारे बॅटरी किती तास टिकते आणि आवाज किती लांब जातो एवढंच विचारतात. हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आपला कायदाही विचारत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने, गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक चालवण्याच्या व्याख्येत आणलं. भर ‘हातात’ या गोष्टीवर आहे. फ्रान्सने जुलै 2015 पासून कानात घालायच्या इअरफोनवर मोटारचालक, मोटरसायकलवाले, सायकलवाले अशा सगळ्यांनाच बंदी केली, पण हेल्मेटच्या आत बसवलेले स्पीकर चालू ठेवले. कायदा हात मोकळे आहेत का, कान उघडे आहेत का, एवढंच पाहू शकतो. मन कुठे आहे हे पोलिसाला चौकातून दिसत नाही.

संशोधकांनी मात्र ते पाहायचा प्रयत्न केला आहे. कॅनडातल्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी 1997 मध्ये मोटारचालकांच्या अपघातांच्या नोंदी आणि फोनच्या नोंदी ताडून पाहिल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असं त्यांना आढळलं. हात मोकळे ठेवणारा फोन वापरल्याने काही फायदा झाल्याचंही दिसलं नाही. हा अभ्यास चारचाकीचा होता. दुचाकीवर तोल सांभाळायचं काम त्यात आणखी भर घालतं. शतावधानी पंडितांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, पण त्यांच्यासमोरून उसाचा ट्रॅक्टर येत नसे. ताशी 60 किलोमीटर वेगाने दोन सेकंदांचं ‘हो, आणतो’ म्हणेपर्यंत गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांपैकी 74,897 दुचाकीवर होती.

मग बोलूच नये का? इथे युटा विद्यापीठातला 2008 चा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. ड्रेव्ज, पसुपती आणि स्ट्रेयर यांनी गाडी चालवण्याच्या आभासी यंत्रावर मित्रांच्या जोड्या बसवल्या. काही जोड्यांत मित्र शेजारच्या सीटवर होता, काहींत फोनवर. महामार्गावरून ठरलेल्या जागी बाहेर पडायचं एवढंच काम होतं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्या जणांनी ते वळण चुकवलं. शेजारी मित्र असलेल्या बहुतेकांना मात्र ते बरोबर सापडलं. रहदारी वाढली की शेजारचा माणूस आपोआप गप्प होतो, बोलला तर रस्त्याबद्दल बोलतो, प्रसंगी ‘अरे, इथून वळायचं’ असं सांगतोही. समोरचा रस्ता त्यालाही दिसत असतो आणि गाडी पडली तर तोही पडणार असतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच लागू नसतं. तो खुर्चीत बसून ‘ऐकतोयस ना?’ असं विचारत राहतो.

म्हणून मागे बसलेल्या बायकोशी किंवा मित्राशी इंटरकॉमवर बोलणं आणि त्याच स्पीकरवर ऑफिसचा फोन घेणं, या दोन गोष्टी यंत्राला सारख्या वाटल्या तरी सारख्या नाहीत. पूर्वी मागच्याचं बोलणं ऐकायला चालवणारा मान वळवायचा. ती वळवावी लागत नाही, ही या यंत्राची मोठी कमाई आहे. जाता जाता झालेलं दुसरं भलं असं, की मागच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्याही डोक्यावर हेल्मेट लागतं. कायद्याने ते आधीपासूनच सक्तीचं आहे. पण कायद्याला दाद न देणारे किती तरी नवरे गप्पांच्या हौसेपोटी दुसरं हेल्मेट आणतात. आणोत बापडे.

ग्रुपने जाणाऱ्यांची गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. साध्या ब्लूटूथवर गाड्या एकीला एक अशा साखळीने जोडल्या जातात, त्यामुळे मधला कोणी मागे पडला की त्याच्या पुढचे आणि मागचे तुटतात. 2015 च्या सुमारास कार्डो कंपनीने मेश पद्धत मोटरसायकलवर आणली. तिच्यात एक जण दूर गेला तरी आवाज दुसऱ्या गाड्यांवरून वाट काढतो आणि तो जवळ आला की पुन्हा आपोआप जोडला जातो. सोय उत्तम आहे. पण एक किलोमीटर मागे सरळ रस्त्यावर असलेला गडी रंगात येऊन किस्सा सांगत असतो, तेव्हा सगळ्यात पुढचा कदाचित वरंध घाटात एसटीला बाजू देत असतो. दोघं एकाच सहलीत आहेत, एका रस्त्यावर आहेत, पण दोघांपुढचे क्षण वेगळे आहेत. जाणते ग्रुप घाट लागला की गप्पा बंद करतात. मग फक्त ‘खड्डा’, ‘डावीकडून या’, ‘ट्रक आहे, थांबा’ एवढंच, आणि तेही पुढच्याने बोलायचं.

वाऱ्याचाही हिशेब धरावा लागतो. वेग साठ-पासष्टच्या वर गेला की हेल्मेटच्या आत इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा होतो आणि तो 90 डेसिबलच्या घरात असतो. इतका आवाज आठवड्याला चार तासांपर्यंत ठीक, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाणं ऐकू यायचं तर ते त्या वाऱ्याच्याही वर चढवावं लागणार. त्यात मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा बुडाला तर नुकसान आपलं एकट्याचं नसतं.

हे सगळं, अर्थात, ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी. चांगल्या संचाला पंधरा-वीस हजार सहज पडतात, मेश असेल तर त्याहून जास्त. पुण्यात किंवा मुंबईत कुठल्याही सिग्नलला उभं राहून पाहा. हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये मोबाइल खुपसून, मान वाकडी करून चाललेला पोरगा दिसेल. पाठीवर चौकोनी पिशवी, पिशवीत कोणाचं तरी जेवण. पलीकडे तेच कोणी तरी ‘कुठे पोचलास?’ असं विचारत असतं. त्याला फोन मानाच्या क्रमात खाली ढकलता येत नाही, कारण न उचललेल्या फोनची तक्रार होते आणि तक्रारीचे तारे त्याच्या पोटावर पडतात. नकाशावर त्याची गाडी सरकताना आपल्याला दिसते. म्हणजे तो गाडीवर आहे हे ठाऊक असूनच आपण तो फोन करतो. बोलण्याचे दोष मोजताना आपण खोटं, कडवट, निंदेचं एवढंच मोजतो. अवेळी बोलणं त्यात धरत नाही. या एका बाबतीत ते धरायला हवं.

त्यात आता एक नवी अडचण आली आहे. पूर्वी गाडीवरच्या माणसाला फोन लागला की हॉर्न आणि वारा ऐकूनच कळायचं, आणि शहाणा माणूस ‘नंतर करतो’ म्हणून ठेवायचा. आजचे चांगले माइक तो वारा गाळून टाकतात. पलीकडच्याला वाटतं, हा खोलीत निवांत बसलाय. म्हणून गाडीवाल्यांनी यंत्र बसवताना फोन आपोआप उचलण्याची सोय बंद करावी आणि घंटा वाजलीच तर ती वाजू द्यावी. घरी बसलेल्यांनी फोन लागताच पहिलं वाक्य ‘गाडीवर आहेस का?’ हे बोलावं. उत्तर ‘हो, पण बोल ना, इंटरकॉम आहे’ असं आलं, तरीही फोन आपणच ठेवावा.