ग्लासमनचे खरे

आपल्या बाजूने बोलणारा माणूस लबाड निघाला, तर त्याच्यावरची माया काढून घ्यावी काय? बर्नार तापीची हकिकत वाचल्यापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही.

१९४३ साली जन्मलेला तापी पॅरिसजवळच्या कामगार वस्तीत वाढला. तरुणपणी गाणी गायला, ती फारशी चालली नाहीत. मग बुडीत कंपन्या नाममात्र किमतीला घेण्याचा धंदा धरला आणि श्रीमंत झाला. (त्यात किती कामगार घरी बसले, हा हिशेब त्याचे चाहते मांडत नाहीत.) १९८६ मध्ये त्याने मार्सेयचा फुटबॉल क्लब हाती घेतला. मार्सेय हे बंदराचे शहर. अल्जेरिया, ट्युनिशिया, कोमोरोसहून आलेल्या माणसांचे. बाहेरून आलेल्यांविरुद्ध आग ओकणाऱ्या ले पेनसमोर बसायला बडे पुढारी तयार नव्हते, तेव्हा १९८९ मध्ये टीव्हीवर तापी बसला आणि भांडला. १९९२ मध्ये तो मंत्रीही झाला. ज्यांच्या वतीने कुणी तोंड उघडत नाही, त्यांना असा माणूस किती आपला वाटतो, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

२६ मे १९९३ रोजी मार्सेयने मिलानला १-० ने हरवून युरोपातला सर्वांत मोठा कप जिंकला. तोवर फ्रान्सच्या एकाही क्लबला तो मिळाला नव्हता. पण त्याआधी सहाच दिवस वालांसिएनच्या संघाशी सामना होता. त्यांच्या काही खेळाडूंनी जोर लावू नये म्हणून पैसे देऊ केले गेले. झाक ग्लासमनने ते नाकारले आणि सांगूनही टाकले. पुढे दुसऱ्या एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक सापडले. मार्सेयचे त्या वर्षीचे फ्रान्सचे विजेतेपद गेले, संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला, १९९७ मध्ये तापी तुरुंगात गेला.

आम्हाला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मिलानला हरवणारा संघ वालांसिएनला सरळ हरवू शकला नसता काय? ज्या पोरांच्या जिवावर हा माणूस मोठा झाला, त्यांच्यावर त्याचा तेवढाही भरवसा नव्हता. आणि मार्सेयची इज्जत तर तापी येण्याआधीही मार्सेयवाल्यांचीच होती.

ग्लासमनला मात्र मैदानोमैदानी हुर्यो मिळाली. १९९५ मध्ये फिफाने त्याचा गौरव केला, पण तोवर त्याची कारकीर्द उताराला लागली होती.

फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिणारे आम्ही. एकदा एका मुलाने परीक्षेतली कॉपी दाखवून दिली. वर्ग आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. तो आमच्याकडे आला, तेव्हा आम्हीही त्याला विचारले होते, "तुला काय पडले होते रे?"

ऑक्टोबर २०२१ मध्ये तापी गेला. त्याला मार्सेयमध्येच पुरले. निरोपाला हजारो माणसे लोटली. रडणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. तिथे असतो तर आमचेही डोळे कोरडे राहिले नसते.

तो मुलगा आता दहावीत आहे. त्या दिवसाबद्दल त्याच्याशी बोलायचे अजून राहिलेच आहे.