वाचा बसली म्हणजे माणूस संपला का?



आपल्या देवणी भागात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणे थांबले, की आपण म्हणतो, "वाचा बसली." पाठोपाठ दुसरे वाक्य येते, "आता त्यांना काही कळत नाही." पहिले वाक्य खरे असते. दुसरे आपण न तपासता जोडतो आणि मग त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याच शेताच्या वाटण्या बोलतो.

या दुखण्याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डाव्या बाजूला चालते. तिथला रक्तपुरवठा तुटला किंवा डोक्याला मार लागला, की शब्द सापडेनासे होतात. हा जिभेचा आजार नव्हे. जखऱ्याची वाचा गेली, तेव्हा त्याने मुलाचे नाव पाटीवर लिहून दाखवले. वाचाघात झालेल्याला बहुधा लिहिणेही जमत नाही. म्हणून पाटी कोरी राहिली, तर बुद्धी गेली असे समजू नये.

1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात डॉ. पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाला तपासले. त्याच्या तोंडून 'तां' एवढाच उच्चार निघे. इथे किती वर्षे आहेस, असे विचारल्यावर त्याने पाच बोटे 4 वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवले. 21 वर्षे! उत्तर अचूक होते. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो चिडला. ज्याला राग येतो, त्याला काही कळत नाही असे कसे म्हणावे?

ॲरिस्टॉटलने माणसाला 'लोगोस' असलेला प्राणी म्हटले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ वाणी असाही होतो आणि विवेक असाही. वाचाघात आपल्याला शिकवतो, की वाणी गेली तरी विवेक उरू शकतो.

कुणी विचारील, काहींची समजही कमी होते, त्यांचे काय? होय, काही रुग्ण भराभर बोलतात, पण शब्दांना अर्थ नसतो आणि आपले बोलणे त्यांना नीट उमगत नाही. पण माणसाचा मान बुद्धीच्या परीक्षेवर ठरवला, तर पाळण्यातले बाळही नापास होईल. देवाची प्रतिमा गुण मिळवून लाभत नाही.

बोलता न येणाऱ्याने विवाहाची संमती खुणेने दिली, तरी ख्रिस्तसभा ती मान्य करते. जन्माच्या वचनाला खूण पुरते, मग आपल्या घरात ती का पुरू नये? मात्र दुसऱ्याने हात धरून उठवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. या आजारात 'हो' आणि 'नाही' यांची गल्लत होते. तेव्हा प्रश्न उलटसुलट करून, पुन्हा दुसऱ्या दिवशीही विचारावा.

आपल्याकडे मराठी, कन्नड, हिंदी अशा भाषा एकाच घरात नांदतात. त्यांतली एखादी आधी परत येऊ शकते. 'पाणी' म्हणता न येणारी आजी कधी 'नमो मरिया' पूर्ण म्हणते. डॉक्टरांकडे वाचा-उपचाराची चौकशी करा, सुधारणा महिनोन्‌महिने चालू राहते. आणि या आठवड्यात अशा एखाद्या घरी गेलात, तर प्रश्न सोपा विचारा, घाई करू नका आणि त्यांचे वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्या.